पहिल्या पानाचा आकडा

सकाळचे सात वाजून पन्नास मिनिटे झाली की द्वारका मुनेश्वर आपल्या संगणक केंद्राचे शटर वर करी. आधी चपला दाराबाहेर, मग हातात ओले फडके. डिसेंबरात आंध्रातल्या आदिलाबादच्या जिनिंग कारखान्यांतून उडालेली कापसाची तूस गावभर तरंगत असे आणि झाकून ठेवलेल्या यंत्रांवरही तिचा पातळ थर बसे. तिन्ही संगणकांचे पडदे पुसून झाले की ती स्टॅबिलायझरचा काटा बघे. तो दोनशेवीसच्या आसपास थरथरत असला तरच बटण दाबी. मग टेलिफोनची वायर फोनमधून काढून मॉडेममध्ये खोचायची, क्रमांक लावायचा आणि शिट्ट्या, घरघर, पुन्हा शिट्ट्या ऐकत उभे राहायचे. साडेनऊला वीज जाई, म्हणून टपाल बघणे आणि साइटवर नवी पाने चढवणे ही दोन कामे त्याआधी उरकावी लागत. साडेदहाला विद्यार्थी येत आणि मग दिवसभर ती त्यांना टंकलेखन शिकवी.

१६ डिसेंबर १९९९ च्या गुरुवारी जोडणी पहिल्याच प्रयत्नात मिळाली, पण तिच्यातून जे पत्र आले ते वाचून द्वारका खुर्चीत बसली.

पत्र अमेरिकेतल्या त्या कंपनीचे होते, जिच्या सर्व्हरवर मराठी शाळा समितीची साइट ठेवलेली होती. साइटला महिन्याकाठी पाचशे एमबीचा हिस्सा होता. जितक्या वेळा कोणी पान उघडील तितक्या वेळा त्या पानाचे वजन हिश्शातून वजा होई आणि हिस्सा संपला की पुढच्या एक तारखेपर्यंत साइट बंद. ऑक्टोबरात ती अठ्ठावीस तारखेला बंद पडली होती, नोव्हेंबरात चोवीसला. आता सोळा तारखेलाच चारशे एमबी खर्ची पडले होते. सलग तिसऱ्या महिन्यात मर्यादा ओलांडली तर खाते कायमचे बंद करण्यात येईल, असे कंपनीने सभ्य शब्दांत कळवले होते. कारण हवे असेल तर सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उतरवून बघावा, अशी शेवटी एक ओळ होती.

ही साइट द्वारकाने हाताने उभी केली होती. सीमेलगतच्या बेल्याकडच्या गावांतून मराठी माध्यमाची मुले दहावीला बसत, पण दोन वर्षांपासून त्यांना विज्ञानाचा शिक्षक नव्हता आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका मिळत त्या तेलुगूत. द्वारका त्यांचे मराठी करी. दुसऱ्याच्या यंत्रावर मराठी अक्षरे दिसतील याची खात्री नसे, म्हणून ती वळणदार अक्षरात कागदावर लिही, स्कॅन करी आणि पानाचे चित्रच साइटवर ठेवी. मंचेरियलच्या कोळसा-खाणीच्या कॉलनीतली मुलेसुद्धा ती पाने छापून नेत. परीक्षा मार्चमध्ये होती. साइट गेली तर या मुलांच्या हाती त्या वर्षी दुसरे काही पडणार नव्हते.

नऊ वाजता समितीचे अध्यक्ष सुधाकरराव आले. निवृत्त मुख्याध्यापक, धोतर, कोट, बगलेत छत्री. द्वारकाचे वडील भिवाजी दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर सालदार असताना याच सुधाकररावांनी तिला पाचवीत पहिल्या बाकावर बसवले होते आणि त्यावरून कुरकुर करणाऱ्यांना घरी पिटाळले होते. ती अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नसे.

"किती झाला?" त्यांनी आत येताच विचारले. पहिल्या पानाच्या तळाशी, पान किती वेळा उघडले गेले ते सांगणारा आकडा होता. तो पाहिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

"तीन हजार सहाशे बारा, गुरुजी."

"वा! परवा पस्तीसशेच्या आत होता. सत्तावीस तारखेला शिक्षणाधिकारी साहेबांपुढं हाच आकडा छापून ठेवतो. म्हणतो, साहेब, साडेतीन हजार लोकाईले मराठीतून विज्ञान शिकवणारा मास्तर पाह्यजे. आता बोला!"

द्वारकाने पत्राचा अर्थ सांगितला. लॉग उतरत होता; त्याच्या ओळी पडद्यावर दिसू लागल्या तशी तिने बोट ठेवले. "हे पाहा, गुरुजी. पहिलंच पान. रात्री पाऊण वाजता, मग दोन मिनिटांनी, मग पुन्हा. अडीचपर्यंत चाललं आहे. रोजच."

"रात्री पाऊणला?" सुधाकरराव वाकले. "पाऊणला तं आपल्या गल्लीतलं कुत्रं बी झोपते. हे कोणीतरी मुद्दाम करून राह्यलं. नाही तं तो व्हायरस. पेपरात आलं होतं ना, दोन हजार साल लागलं का सगळे कॉम्प्युटर बावचळणार म्हणून? आपल्याले थोडं आधी लागलं."

"पहिलं पान फार जड आहे, गुरुजी. समितीचा फोटोच तीनशे चाळीस केबीचा आहे. तो काढू का? आणि आकडाही..."

"सत्तावीसपर्यंत हात लावू नको." छत्री बगलेतून काढून त्यांनी जमिनीवर टेकवली. "आकडा म्हणजे आपली ताकद आहे, द्वारका. चोर पकड. आकडा राहू दे."

वीज जाण्याआधी तिने लॉगची अकरा पाने छापून घेतली. प्रिंटर करकरत थांबला, पंखा थांबला, आणि ती पेन्सिल व पट्टी घेऊन दारातल्या उजेडात बसली.

प्रत्येक ओळीत पाचच गोष्टी होत्या: मागणाऱ्याचा पत्ता, वेळ, काय मागितले, किती वजन गेले आणि कोणत्या ब्राउझरने मागितले. तिने आधी स्वतःला शोधले. आज सकाळी आठ-वीसला तिने पहिले पान उघडले होते. ती ओळ सापडली, पण तिथे वेळ पडली होती आदल्या रात्रीचे नऊ-पन्नास. द्वारकाने पेन्सिल खाली ठेवली. घड्याळ अमेरिकेतले होते. प्रत्येक वेळेत साडेदहा तास मिळवायचे होते. मग रात्रीचे पाऊण म्हणजे आपल्याकडचे सकाळचे सव्वाअकरा आणि अडीच म्हणजे दुपारचा एक. ज्याला गुरुजी रात्रीचा चोर म्हणत होते तो भर उन्हात येत होता.

पत्त्यांचे कोडे त्याहून सोपे निघाले. दर जोडणीला शेवटचा अंक बदले, पण सुरुवातीचे अंक तेच राहात, आणि तिच्या स्वतःच्या ओळीतही तेच अंक होते. मागणारा याच गावच्या टेलिफोनवरून येत होता. गावात इंटरनेट असलेल्या जागा मोजून चार.

तिने महिन्याचे दिवस उभे मांडले. कापूस बाजार सुरू असेल त्या दिवशी साठ, सत्तर, पंच्याऐंशी मागण्या. रविवारी शून्य. व्हायरस रविवार पाळत नाही, तिने मनाशी म्हटले.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. एकदा उतरवलेले चित्र ब्राउझर स्वतःजवळ ठेवून घेतो. पुन्हा मागितले तर सर्व्हर नुसते "बदललेले नाही" असे कळवतो आणि वजनाच्या जागी काही पडत नाही. इथे मात्र दर खेपेस फोटो नव्याने जात होता, जणू कोणी मागचा मुद्दाम पुसून टाकत होते. आणि तोही सारखा जात नव्हता. कुठे पूर्ण तीनशे चाळीस, कुठे एकशेदहावर तुटलेला, कुठे साठवर. यंत्राने मागितला असता तर असा तुटला नसता. अर्धा फोटो पाहून घाई करणारे कोणी होते आणि शेवटची रेघ उतरेपर्यंत वाट बघणारेही कोणी होते.

तिने ओळींवर महिरपी कंस काढायला सुरुवात केली. चार मागण्या पाठोपाठ, मग पाच मिनिटे काहीच नाही. सात मागण्या, मग आठ मिनिटांची शांतता. मग तीन. मग सहा. चार, सात, तीन, सहा. ती त्या अंकांकडे बघत राहिली. असे अंक तिने लहानपणी पाहिले होते. जनगणनेला आलेल्या मास्तरांच्या कागदावर, एका घरात माणसे किती, त्या रकान्यात.

बाराला तिने शेजारच्या शिंप्याला केंद्राकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि कापूस बाजाराची वाट धरली.

त्या चार जागांपैकी एक, बाबारावचा टेलिफोन बूथ, बाजाराच्या फाटकासमोरच होता. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लिलावाची वाट बघत रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे होते. बूथच्या काचेच्या खोक्यात बाबारावने जुना संगणक ठेवला होता आणि त्याच्यापुढे आठ-दहा माणसांची रांग लागली होती. माणसे चपला बाहेर काढून आत जात होती. खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, लुगड्याचा पदर डोक्यावरून नीट घेतलेला.

"हां, बयनाबाई, आता दाबा," बाबाराव म्हणाला. तो स्वतः डाव्या हाताने कळफलकाच्या कोपऱ्यातली एक कळ घट्ट धरून उभा होता.

म्हातारीने माऊस टेबलावर दाबून धरला आणि त्याच्या बटणावर, बोट नव्हे, अंगठा टेकवला. चांगला जोर देऊन, जरासा फिरवून, सरकारी कागदावर टेकवतात तसा. पडदा पांढरा झाला. तळाशी आकडा एकाने वाढला. वरून समितीचा फोटो रेघ-रेघ खाली उतरू लागला. म्हातारी फोटो पूर्ण होईपर्यंत हलली नाही.

"लागला का रे माहा?"

"लागला. छत्तीसशे एकोणतीस. आता कोणाचा?"

"आता पोराचा. तो गाडीपाशी आहे. मंग सुनेचा." दोन खेपा झाल्या. मग तिने पदर सारखा केला. "आन् आता याईचा घे."

"काकी, काका तं वारले ना दोन साल झाले."

"वारले म्हणून का झालं? शाळेच्या जागेवरची झुडपं कोनं तोडली होती? तुह्या बापानं?"

रांगेत हसू फुटले. "तोडली होती, काकी, तोडली होती," कोणी मागून म्हणाले, "पण मेलेल्याले मतदान चालते का, ते इचारा बाबारावले."

"मतदानात तं लय चालते!" बाबाराव म्हणाला आणि पुन्हा हसू उठले. त्याने कळ धरली. म्हातारीने चौथ्यांदा अंगठा टेकवला.

द्वारकाने पुढे होऊन आपली ओळख सांगितली. बाबाराव घाईने उठला. साइट करणाऱ्या बाई आपल्या बूथवर आल्या याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने रांगेलाच ते ओरडून सांगितले.

"ही कळ तुम्ही का धरता?" द्वारकाने विचारले.

"शिफ्ट ना? मॅडम, सुरुवातीले आकडा कधी वाढे, कधी नाही वाढे. लोकं म्हणत, आमचा अंगठा उठला नाही. मंग हैदराबादच्या एका पोट्ट्यानं सांगतलं, शिफ्ट धरून दाबा, म्हणजे सगळं नव्यानं येते. तवापासून एक अंगठा वाया नाही गेला. मी पैसे बी घेत नाही बरं, मॅडम. मी त्याच शाळेतला."

"पण हे सांगितलं कोणी, की हा अंगठा आहे म्हणून?"

"गुरुजीनंच तं सांगतलं, दसऱ्याच्या सभेत. जितके जण उघडतील तितका आकडा वाढंल आन् आकडा साहेबापुढं जाईल. मंग गावागावातून लोकं कापूस घेऊन आले का आधी इकडं येतात. कोणी दोनदा नाही दाबत, हे माह्यासमोर आहे. घरातल्या माणसामागं एक."

बयनाबाई अजून खुर्चीतच होती. "माही नात दहावीले आहे," ती द्वारकाला म्हणाली. "तुमी लिवलेले कागद वाचते ती. पाठ करते. मी म्हणलं, मले वाचता येत नाही, पण अंगठा तं येते."

द्वारकाने तिच्या जवळ बसून सांगायला सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आले की हे सोप्या शब्दांत सांगणे फार अवघड आहे. तरी तिने सांगितले. साइटला महिन्याचा शिधा ठरलेला आहे. पान उघडले की त्यातला थोडा जातो. हा फोटो मोठा आहे, म्हणून एका अंगठ्याला जितका शिधा लागतो तितक्यात पोरांची पाच-सहा पाने उतरली असती. शिधा चार-पाच दिवसांत संपेल आणि मग पाने कायमची बंद होतील.

बाबारावने कळीवरचा हात काढून घेतला.

"म्हणजे," तो म्हणाला, "आमी पोराईच्याच ताटातलं खाऊन राह्यलो?"

"तुमची चूक नाही, बाबाराव."

"चूक कोणाची बी असो," बयनाबाई म्हणाली. "आता सांग, आमचा अंगठा कुठं ठेवाचा? आमी बेल्याहून आलो. अंगठा न देता वापस नाही जात."



संध्याकाळी पाचला तिने सुधाकररावांना सगळे सांगितले: अमेरिकेचे घड्याळ, रविवारचा शून्य, शिफ्टची कळ, बयनाबाईचा वारलेला नवरा. सुधाकरराव आधी हसले, मग कोटाच्या खिशातून चष्मा काढून पुसू लागले.

"म्हणजे चोर मीच," ते म्हणाले.

"तसं नाही, गुरुजी. पण आकडा काढावा लागेल. फोटोही."

"आन् सत्तावीसले काय दाखवू? माझा चेहरा? मागच्या वर्षी गेलतो, तवा त्याईनं इचारलं होतं, किती पालकाईची मागणी आहे. मी म्हणलं, लय आहे. ते हसले. आता माह्याजवळ आकडा आहे, द्वारका. छापील आकडा."

"पण त्यांनी नावं विचारली तर?"

"कोण इचारते नावं?"

"मी विचारली असती. साडेतीन हजारांत मी आहे रोज सकाळी. मंचेरियलची मुलं आहेत दहा-दहादा. तुम्ही आहात. मेलेली माणसं आहेत. आणि खरी माणसं त्यातच मिसळून गेली आहेत, गुरुजी, त्यांना वेगळं काढता येत नाही. बयनाबाई त्या आकड्यात कुठे आहे ते मी तरी दाखवू शकत नाही. तिथे नाव असतं, गाव असतं, तर दाखवलं असतं."

"अकरा दिवसांत नावं कोण गोळा करंल? लोकं कापसात आहेत."

"लोक रोज येताहेतच."

सुधाकरराव उठले. "अध्यक्ष मी आहे. सत्तावीसपर्यंत हात लावू नको म्हणलं, तं लावू नको. तवापर्यंत साइट ओढून ने कशीबशी." दारात पोहोचल्यावर ते वळले. रागाने बोलल्याचे त्यांनाच वाईट वाटले असावे. "तुह्या बाले सांग, मी त्याची आठवण काढली."

ती घरी चालत गेली. ज्या माणसाने तिच्यासाठी साऱ्या गावाचे तोंड बंद केले होते त्याचा शब्द मोडायचा, हे तिला पेलत नव्हते. रात्री जेवताना तिने वडिलांना विचारले, "बाबा, गुरुजींनी मला पहिल्या बाकावर बसवलं, तेव्हा त्यांनी कोणाला विचारलं होतं का?"

भिवाजीने घास थांबवला. "इचारून बसवलं असतं तं तू दहावी नसती झाली," तो म्हणाला आणि जेवू लागला.

शुक्रवारी सात-पन्नासला शटर वर गेले. तिने पडदे पुसले, काटा पाहिला, जोडणी लावली. तिसऱ्या खेपेस लागली. पहिल्या पानाची फाइल उघडून तिने समितीचा फोटो काढला. मधोमध कोट घातलेले सुधाकरराव क्षणभर पडद्यावर राहिले आणि गेले. मग तिने आकड्याची ओळ काढली. उरली ती विषयांची यादी, छोट्या चित्रात, अकरा केबीची. वजन तिने दोनदा तपासले. हिश्शात उरलेल्या एमबींना महिन्याच्या उरलेल्या दिवसांनी भागले. मुलांची पाने एकतीस तारखेपर्यंत पुरत होती, वर थोडे शिल्लकही राहात होते. आठ-चाळीसला नवे पान चढले. तिने ते एकदाच उघडून पाहिले आणि बंद केले.

एका कोऱ्या कागदावर तिने लिहिले: "गुरुजी, फोटो आणि आकडा आज सकाळी मी काढला. विचारून काढला नाही, त्याची जबाबदारी माझी. नावे घेणे आजपासून सुरू करते आहे. सत्तावीसला वही तुमच्या हाती देईन. — द्वारका." चिठ्ठीची घडी घालून ती सुधाकररावांच्या घरी गेली. ते अंघोळीला गेले होते. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. तिने चिठ्ठी त्यांच्या हाती दिली आणि त्यांनी "चहा तरी घेऊन जा वं" म्हटल्यावर, येते पुन्हा, म्हणाली.

स्टेशनरीच्या दुकानातून तिने दोनशे पानी रजिस्टर, पट्टी आणि निळ्या शाईचे पॅड घेतले. बाबारावच्या बूथमध्ये टेबलाच्या कडेला उभी राहून ती रकाने आखू लागली: नाव, गाव, शाळेत शिकणाऱ्या मुलाचे नाव, सही किंवा अंगठा. बाबारावने कळफलक आणि माऊस उचलून बाजूच्या फळीवर ठेवला आणि टेबल मोकळे केले.

"मेलेल्याईचं काय करू, मॅडम?" तो हळूच म्हणाला. "इचारतील लोकं."

ती रेघ आखतच म्हणाली, "त्यांचं नाव लिहा. पण अंगठ्याच्या जागी रेघ ओढा."

फाटकातून पहिल्या गाड्या आत वळत होत्या. बेल्याचा एक शेतकरी आणि त्याची बायको दारात चपला काढून आत आले आणि अंगठा टेकवायचा माऊस शोधू लागले. बाबारावने त्यांना रजिस्टर दाखवले. बाई आधी बावरली, मग वाकून रकाने बघू लागली. द्वारकाने पेन तिच्याकडे केले.

"लिहिता येतं?"

"नाव येते," बाई म्हणाली, आणि खुर्चीवर बसून सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहू लागली. द्वारकाने तिचे गाव विचारून घेतले, मुलाचे नाव विचारून घेतले, दुसऱ्या ओळीवर पट्टी ठेवली. साडेदहाला केंद्रात तिचे विद्यार्थी येणार होते. बाबारावला रकाने पुन्हा एकदा समजावून ती निघाली. बाहेर रांगेत तेव्हा सात जण उभे होते.